खास पुरुषांसाठी, फक्त एक नग

“मी आता जे सांगून राह्यलो, त्याच्यावर तुमच्यापैकी कोनाचाच इस्वास बसणार नाई. आन ज्याचा बसन, त्यानं उद्यापासून माह्याशी बोलू नये. तसल्या भोळ्या मानसाची मले भीती वाटते.”

एवढं बोलून उकंडराव फय्याज टेलरच्या दुकानात शिरले आणि कापड बेतायच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. वैशाखातली दुपार होती. लाइन गेलेली. शेजारचा बाबूसिंग, गिरणी बंद म्हणून, आधीच बाकावर येऊन टेकला होता, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. अनसिंगच्या त्या गल्लीत तेवढ्या वेळी फक्त फय्याजच्या पायमशीनचा आवाज होता. उकंडरावांकडे लक्ष गेलं आणि तोही थांबला.

उकंडरावांना मिशी नव्हती.

चाळीस वर्षं ती मिशी गावानं पाहिली होती. बाजारात उकंडराव येताना आधी मिशी दिसायची, मग ते. पोरीबाळी नमस्कार करायच्या तो मिशीला करतात की माणसाला, हे नक्की सांगता यायचं नाही. आता तिच्या जागी एक फिकट, ओलसर पट्टी होती. जुना दगड उचलल्यावर खालची जमीन दिसते तशी.

फय्याजला ते पाहवेना म्हणून त्यानं नजर वर नेली, तर टोपी. टोपी त्यानेच शिवलेली. उकंडरावांच्या डोक्यावर सत्तरीतही केसांचं टोपलं होतं, त्या मापानं बेतलेली. एरवी ती त्या राठ केसांवर नुसती ठेवल्यासारखी बसायची. आज ती कानांवर उतरली होती, भुवयांना टेकली होती. फय्याजनं ते पाहिलं, मनात ठेवलं आणि बोलला काहीच नाही. टेलरचं निम्मं काम पाहून गप्प बसायचं असतं.

गप्प बसायला त्याच्याकडे आणखी एक कारण होतं. सकाळी रिठदहून चतुराबाईंचा, म्हणजे उकंडरावांच्या बायकोचा फोन आला होता. उकंडरावांचा थोरला भाऊ रामधन बारा दिवसांपूर्वी रिठदला वारला. चतुराबाई त्याच दिवशी जावेजवळ, गोजराबाईंजवळ, निघून गेल्या. उकंडराव गेले नाहीत. मातीला नाही, राख सावडायला नाही, परवाच्या दहाव्याला नाही.

“उद्या तेरवी हाये, फय्याजभाऊ,” चतुराबाई म्हणाल्या होत्या. “गोजराबाई म्हनते, मी त्याइच्या भावाचं पान मांडून ठेवीन. तो आल्याबिगर माह्या तोंडात घास जानार नाई. थे बाई बोलल्यासारखीच वागते हो. त्याइले कसंबी करून धाडा. माह्यं तं ते आयकतच नाईत.”

भांडण अकरा वर्षांचं होतं, आणि ते एका अडकित्त्यावरून झालं होतं. दोघा भावांच्या बापानं मागं ठेवलेली पुरुषमाणसाची एकच वस्तू : पितळी अडकित्ता, दोन मोर चोचीला चोच लावून उभे, त्यातल्या एकाचा तुरा तुटलेला. उकंडरावांच्या पोरीच्या, उज्ज्वलाच्या लग्नात तो अडकित्ता गायब झाला. शेवटची सुपारी रामधननं कातरली होती. उकंडरावांनी भर मांडवात त्याला चोर म्हटलं. रामधननं हातातलं ताट खाली ठेवलं आणि न जेवता रिठदला निघून गेला. त्याच्या पाठीवर उकंडराव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते, “याच्या उंबऱ्यावर पाय ठेवीन तं आधी मिशी उतरवीन!”

हे सगळं बाबूसिंगला ठाऊक होतं. म्हणून मिशीच्या जागेकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, “काहून रे उकंड्या, रिठदले जाऊन आला काय?”

“रिठदचं नाव काढू नको. मिशी टीव्हीनं नेली.”

“टीव्हीनं?”

“आता काय म्हनलो मी? इस्वास बसणार नाई म्हनलो का नाई?”

मग उकंडरावांनी सांगितलं ते असं.

चतुराबाई घाईत गेल्या तेव्हा टीव्ही चालूच होता, आणि रिमोटचे सेल उतरलेले. टीव्ही अडकला होता वस्तू विकायच्या चॅनेलवर. चतुराबाई रोज दुपारी तेच लावतात. चार वर्षांत एक चमचा मागवला नाही, नुसतं पाहतात आणि म्हणतात, “बाप्पा बाप्पा, कोन घेत असन हे!” आता उकंडराव एकटे, आणि समोर ते. बंद करावं तर घर खायला उठे. चालू ठेवावं तर साड्या. साड्या संपल्या की बांगड्या. बांगड्या संपल्या की तवे, मग चेहऱ्याला लावायचं मलम, मग पोट आवळायचा पट्टा, मग पुन्हा साड्या.

“बाईले पायाच्या नखापासून भांगापर्यंत नटवतेत,” उकंडराव म्हणाले. “आन मानसाले? भोपळा! एक डाव दाढीचं मशीन दाखवलं, मी म्हनलो, चला, आपला नंबर लागला. तं थे बाई म्हनते, ‘ताई, आपल्या यजमानांना भेट द्या.’ म्हंजे थेबी बाईलेच इकलं!”

“मानूस घेते काय पन?” बाबूसिंग म्हणाला. “तंबाखू, टोपी, चप्पल. सरलं.”

फय्याजनं मान हलवली. त्याच्या पाटीवर ‘जेंट्स टेलर’ लिहिलेलं होतं आणि त्याला हे कुणी सांगायला नको होतं. माणूस अंगाचं माप द्यायला जन्मात दोनदा येतो. एकदा स्वतःच्या लग्नात, एकदा पोरीच्या. त्यातही हात वर कर म्हटलं तर लाजतो.

तर परवा दुपारी, बाराच्या ठोक्याला, उकंडरावांचं डोकं फिरलं. खाटेवर उठून बसले आणि टीव्हीतल्या बाईला तोंडावर म्हणाले, “काहो बाई, आमी मेलो काय? आमच्यासाठी काहीच नाई तुमच्यापाशी?”

बाई बोलता बोलता थांबली. हातातली साडी तशीच अर्धी उलगडलेली. तिनं मान वळवली. कॅमेऱ्याकडे नाही, खाटेकडे. जिथं उकंडराव बसले होते बरोबर तिथं.

“अजून नाही,” ती म्हणाली.

बाबूसिंग हसायला लागला होता, तो मध्येच राहिला.

“तिचं हासू तसंच होतं,” उकंडराव म्हणाले. “गालावरचं. डोये मात्र लवत नव्हते. आन त्याच टायमाले लाइन गेली. पंखा थांबला. फिरजची घरघर थांबली. टीव्ही नाई थांबला.”

“इन्व्हर्टर असन.”

“माह्या घरी इन्व्हर्टर? इचार चतुराले! वायर भितीतून उपसून हातात धरली मी. अशी. टीव्ही चालूच.”

बाहेर रस्त्यावर एवढी शांतता झाली की पत्रा तापल्याचा टकटक आवाज येत होता. कुत्रं नाही, पारवा नाही, कुणाच्या घरातलं भांडं नाही. आणि टीव्हीत बाईच्या मागचा गुलाबी पडदा हळूहळू बाजूला सरकला. मागं निळीनं सारवलेली भिंत होती. भिंतीत कोनाडा. कोनाड्यावर काजळीची कमान. त्या कोनाड्यात लहानपणी उकंडरावांनी स्वतः चिमणी ठेवलेली होती. ते रिठदचं घर होतं.

“प्रेक्षकहो,” बाई म्हणाली, “ज्याची आपण इतकी वाट पाहिलीत. खास पुरुषांसाठी.”

समोर एक टेबल आलं, पांढरी चादर अंथरलेलं. एका बाजूनं एक हात आला. मनगटापर्यंतच. त्या हातानं चादरीवर एक काठी ठेवली. हात मागे गेला, पुन्हा आला, आणि चष्मा ठेवला, एका दांडीला दोरा बांधलेला. मग तंबाखूची चंची. प्रत्येक वस्तू ठेवल्यावर तो हात ती जराशी सरळ करत होता, जसं आपण पाहुण्यापुढं ताट सरळ करतो.

“करंगयीचं टोक नव्हतं त्या हाताले,” उकंडराव म्हणाले.

फय्याजच्या हातातली खूण करायची खडूची चकती टेबलावर पडली. रामधनच्या करंगळीचं टोक कडबा कापताना गेलं होतं. त्याच्या शर्टाचं माप घेताना फय्याजनं ते पाहिलं होतं.

“फक्त एक एक नग,” बाई सांगत होती. “वापरलेला, पण जपून. मालक नाही, म्हणून माल आहे.” मग तिनं एक लहानशी डबी उचलली. “आणि हे पाहा. हे कोणत्याही दुकानात मिळणार नाही.”

तिनं डबीचं झाकण उघडलं. डबीतून खाकरण्याचा आवाज आला. पुरुषमाणूस बाहेरून आला की उंबऱ्याशी थांबून खाकरतो, घरातल्या बायांना कळावं म्हणून, तसं. दोनदा आखूड, एकदा लांब.

“दाराशी आल्यावर घरच्यांना समजावं, यासाठी,” बाई म्हणाली आणि झाकण लावलं.

“रामध्याचं होतं ना थे?” बाबूसिंगनं हळूच विचारलं. पिठाखाली त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

उकंडरावांनी टोपी जरा वर सारली आणि लगेच खाली ओढली. तेवढ्यात फय्याजला कानामागची कातडी दिसली. पांढरी, गुळगुळीत, दोन जागी वस्तऱ्याची चीर. न्हाव्याची चीर अशी नसते. माणूस आरसा एका हातात धरून स्वतः करतो, तेव्हा अशी होते.

फय्याज पुन्हा गप्प बसला. परवा दहावा होता. थोरला भाऊ गेला की धाकटा दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवतो. ते नदीवर, चार माणसांत, न्हाव्यासमोर बसून. या माणसानं ते घरात, कडी लावून, एकट्यानं केलं होतं.

“मंग काय झालं?” बाबूसिंग म्हणाला. “सांग ना बे.”

मग त्या बाईनं सांगितलं की आता आपल्यासोबत एक समाधानी ग्राहक फोनवर आहेत. खरखर झाली, आणि आवाज आला, “मी अनसिंगवरून उत्तम पोष्टमन बोलून राह्यलो. जिता होतो तोवर काही मागतलं नाई. आता मागतलं. लई फरक पडला.”

“उत्तम पोष्टमनले तं मी खांदा देल्ला!” बाबूसिंग उठून उभा राहिला.

“मीबी देल्ला. मागच्या बाजूनं होतो मी. म्हून तं आवाज चटकन वयखला.”

“आन थो मागते काय?”

“म्या इचारलं. त्यानं सांगतलं. बायकोनं नाव घेतल्याचा आवाज मागतला म्हने. तिनं जनमभर त्याले ‘अहो’च म्हनलं ना.”

बाबूसिंग खाली बसला. गल्लीत ऊन पांढरं पडलं होतं. समोरच्या किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं आणि त्याच्याखालच्या अंधारात काही हललं, का नुसतंच हलल्यासारखं वाटलं, ते फय्याजला कळलं नाही.

“त्या बाईनं मले समजावून सांगतलं,” उकंडराव पुढं म्हणाले. त्यांचा आवाज आता गोष्ट सांगायचा राहिला नव्हता. “म्हने, पुरुष जिवंतपणी काही मागत नाहीत. घरात काय हवं ते बाईला विचारतात. स्वतःला काय हवं ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून आमचा हा विभाग उशिरा उघडतो. आन मंग म्हने, आता शेवटचा नग.”

तो हात पुन्हा आला. या वेळी मूठ झाकलेली होती. चादरीवर मूठ उघडली, आणि अडकित्ता. पितळी. दोन मोर. एकाचा तुरा तुटलेला.

“हा नग अकरा वर्षं अंधारात होता,” बाई म्हणाली. “कुणी वापरला नाही. कुणी...”

उकंडराव थांबले.

“कुणी काय?” बाबूसिंगनं विचारलं.

“कुणी चोरला नाही,” उकंडराव जमिनीकडे पाहून म्हणाले.

मग पडद्यावर फोन नंबर आला. तो रामधनचा नंबर होता. अकरा वर्षांत लावला नव्हता, पण बोटांना पाठ होता. उकंडरावांनी लावला. एकदाच वाजला. टीव्हीतल्या त्या हातानं चादरीवरून काहीतरी उचललं आणि पडद्याच्या बाहेर, जिथं माणसाचा कान असतो तेवढ्या उंचीवर नेलं.

“बोल, उक्या,” फोनमधून आवाज आला.

“दादा,” उकंडराव म्हणाले. “अडकित्ता.”

“पाह्यजे?”

“पाह्यजे.”

“काय देशीन?”

“मांगशीन थे.”

फक्त श्वास, टीव्हीतून आणि फोनमधून एकाच वेळी. मग रामधन म्हणाला, “तुह्यापाशी देण्यासारखं हाये काय, लेका? एक मिशी.” आणि टीव्हीतली बाई, न हसता, पहिल्यांदाच न हसता, दोन बोटं आपल्या वरच्या ओठावरून अशी फिरवत गेली.

उकंडरावांच्या ओठाला थंड लागलं. हात लावून पाहिला तर ओठ मोकळा. टीव्ही बंद. लाइन आलेली, पंखा फिरतो आहे. आणि दाराच्या आतल्या बाजूला, आतून कडी असताना, एक पुडकं.

“पुडकं?” बाबूसिंग म्हणाला. “कोन आनलं?”

“कोनी नाई. कडी आतून होती म्हनलो ना.”

“झूट! आता मात्र झूट, उकंड्या. इतका येळ मी आयकलं...”

उकंडरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि अडकित्ता काढून टेबलावर ठेवला.

बाबूसिंगचं तोंड उघडंच राहिलं. तोच होता. गावानं पाहिलेला, लग्नामुंजीत हातोहात फिरलेला. पितळ काळवंडलेलं, पण मोर तेच, तुटका तुरा तोच. बाबूसिंगनं हात पुढं केला आणि लावायच्या आधीच मागे घेतला. कुठूनतरी, गल्लीच्या टोकाकडून, कुणीतरी खाकरलं. दोनदा आखूड, एकदा लांब. तिघांनीही माना वळवल्या नाहीत.

“म्हंजे रामध्यानं...” बाबूसिंग कुजबुजला. “म्हंजे त्याच्यापाशीच होता थो? अकरा वर्सं?”

उकंडरावांनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. फय्याज त्यांच्याकडेच पाहत होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तर गोष्ट पुरी झाली असती. मेलेला चोर ठरला असता, जिवंत माणूस वाचला असता, आणि उद्या रिठदला एक पान तसंच मांडलेलं राहिलं असतं. उकंडरावांचा मिशीविना ओठ हलला, पण शब्द निघेना.

फय्याजनं चष्मा नाकावर खाली घेतला आणि अडकित्ता उचलला. पाहायची त्याची सवय वेगळी. त्याला मोर दिसत नाहीत, सांधा दिसतो. दोन पाती जिथं खिळीनं जोडलेली होती तिथं काहीतरी अडकलं होतं. त्यानं सुईच्या टोकानं ते अलगद ओढून काढलं. चार धागे. साटिनचे, डाळिंबी रंगाचे.

त्या दिवसांत असं साटिन अनसिंगमध्ये कुणाकडे नव्हतं. आजही नाही. त्याच्या पोरीच्या, यूसराच्या लग्नाचा घेरदार गरारा शिवून थोडं उरलं होतं. त्याच महिन्यात उकंडराव उज्ज्वलाच्या लग्नासाठी कोट शिवायला आले. अस्तर कमी पडलं, तेव्हा फय्याजनं ते उरलेलं डाळिंबी साटिन आतून लावलं. म्हटलं, आत कोण बघतं. जगात त्या अस्तराचा तो एकच कोट होता. उकंडरावांनी तो त्या एका दिवशीच घातला, भांडण झालं आणि कोट पेटीत गेला. तो घालून दहा माणसांत पुन्हा उभं राहायची त्यांची इच्छा झाली नाही.

आणि फय्याजला आणखीही आठवलं, जे आठवायचं नव्हतं. लग्नसराईची घाई होती. रात्रंदिवस मशीन चालू. त्या कोटाचा आतला खिसा त्यानं तळाशी दुहेरी शिवायचा, तो एकेरी शिवला होता. पितळ जड असतं. एकेरी टाका ते पेलत नाही. टाका उसवतो, वस्तू खाली घसरते, आणि खिसा रिकामा लागतो.

चार धागे त्याच्या तळहातावर होते. फुंकर मारली असती तर उडाले असते. बाबूसिंगला काही दिसलं नव्हतं. उकंडरावांना दिसलं होतं. ते टोपी दोन्ही हातांनी धरून बसले होते, वारा सुटल्यासारखे, वारा नव्हता.

फय्याजनं अडकित्ता त्यांच्यासमोर ठेवला, त्याच्यावर ते चार धागे ठेवले, आणि बाबूसिंगला, गल्लीला, जे कुणी टोकाशी उभं होतं त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला :

“खुदा कसम, भाऊ, साफ खोटं बोलून राह्यले तुमी. हे टीव्हीनं नाई धाडलं. रामधनभाऊनंबी नाई धाडलं. हे तुमच्याच कोटाच्या अस्तरात होतं, माह्या एकेरी टाक्यातून घसरून गेलतं. आना तो कोट, खिसा दुहेरी मारून देतो. उद्या तोच घालून चला रिठदले. मी संगं येतो. गोजराबाईले आधी माह्यं सांगतो, मंग तुमचं तुमी सांगा.”